बिनसरसाची बादली

मिस्त्रींच्या घरात जेवताना बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो पाळणारे एकटे मिस्त्रीच होते. बाकीचं घर पानावर बसलं की वटवट सुरू करायचं, ते हात धुवेपर्यंत. त्या शनिवारी दुपारी सूनबाईनं एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात फोन धरून एक बातमी वाचून दाखवली. सूनबाई दवाखान्यात नर्स. आठवडाभर पेशंटांची नावं पुकारून पुकारून तिला काहीही वाचायचं झालं तरी खणखणीत आवाजात वाचायची सवय लागली होती.

बातमी अशी, की दोन तासांच्या वाटेवर एका गावात एक लहानसा बुद्धविहार आहे. त्याच्या भिंतींवर काहीशे वर्षांपूर्वीची चित्रं होती. मधेच कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि अडतीस वर्षांपूर्वी ती सगळी पांढऱ्या रंगाखाली गेली. आता जाणकारांनी चार वर्षं खपून तो पांढरा रंग उतरवला, तर खाली चित्रं जवळजवळ होती तशी निघाली. "आता ऐका हं बाबा, तुमच्या धंद्यातलं आहे," म्हणून सूनबाईनं पुढचं वाक्य दोनदा वाचलं. रंग देणारा रंगारी कामचुकार निघाला, त्यानं रंगात पुरेसा सरस घातला नाही, आणि त्याच्या आळसामुळेच चित्रं वाचली, असं लिहिलं होतं.

सरस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्ली डबा उघडला की रंग तयार. त्या काळी खडूची पूड पाण्यात कालवायची आणि तिच्यात शिजवलेला सरस ओतायचा. जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला हा चिकट पदार्थ रंगाला भिंतीशी धरून ठेवतो. तो कमी पडला तर भिंत दिसायला पांढरीशुभ्र, पण कुणी पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरं उमटलंच. रंगाऱ्याची सगळी अब्रू त्या सरसात असायची.

मिस्त्रींनी तोंडातला घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या तुला सुट्टी आहे ना? जाऊ या. मला ती भिंत बघायचीय."

सूनबाई तर हरखूनच गेली. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासरे आपणहून कुठे जाऊ या म्हणाल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. पण मिस्त्रीणबाईंचा घास हातातच राहिला. ती भिंत मिस्त्रींनीच रंगवली होती, ही गोष्ट नवराबायकोंनी सुनेलाच काय, पोटच्या मुलालाही कधी सांगितली नव्हती. आणि त्या रंगात सरस का नव्हता, ही गोष्ट बाईंनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. सरस शिजवायचं काम बाईंचं. त्या कामाच्या शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी बादलीत एक थेंबही घातला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, बाई अशी कशी वागली? तर ऐका.

तेव्हा बाई बावीस वर्षांच्या. लग्न होऊन आठ महिने झालेले. परक्या गावात ना माहेरचं कुणी, ना शेजारी ओळख. नवरा मुलखाचा अबोल. कामाला माणूस कमी पडतो म्हणून त्या त्याच्याबरोबर जायच्या, खडू चाळायच्या, सरस भिजत घालायच्या, स्टोव्हवर मंद आचेवर शिजवायच्या, बादल्या कालवून द्यायच्या. तशातच हे विहाराचं काम आलं. कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि तिथल्या कारभाऱ्यांना भिंती स्वच्छ दिसायला हव्या होत्या. चित्रं काजळीनं काळवंडलेली, कुठे ओल आलेली, कुठे माणसाचं नुसतं धड उरलेलं. पांढरा हात मारून टाका, असं ठरलं. ठेकेदारानं चार दिवस दिले. पहिले दोन दिवस झाडण्यात, कोळिष्टकं काढण्यात आणि परांची बांधण्यातच गेले.

त्या दोन दिवसांत बाई जेवायला दाराच्या एका अंगाला बसायच्या. समोर, दाराच्या दुसऱ्या अंगाच्या भिंतीवर बुद्ध बसलेले, त्यांचं बोलणं ऐकायला लोटलेली माणसांची ही गर्दी. राजे होते, हत्ती होते, पण ते सगळं वर. खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील अशी साधीसुधी माणसं होती. आणि अगदी दाराजवळ, कोपऱ्यात एक बाई होती. कमरेवर घडा. सगळी गर्दी बुद्धांकडे बघतेय आणि ही एकटी मान वळवून मागे राहिलेल्या कुणाला तरी बोलावतेय. तोंड अर्धं उघडं. मिस्त्रीणबाईंना वाटायचं, ही आपल्यालाच म्हणतेय, अगं चल ना, बसलीस काय. आठ महिन्यांत त्या गावात त्यांना असं कुणी हाक मारून बोलावलं नव्हतं. वेडेपणा म्हणा हवं तर, पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्या मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, हे झाकायलाच हवं का? मिस्त्री म्हणाले, आपलं काम रंग द्यायचं. झालं, विषय संपला.

रात्रभर बाईंना काही सुचेना. सकाळी त्यांनी नेहमीसारखा सरस शिजवला, पातेलं स्टोव्हशेजारी ठेवलं, आणि बादलीत मात्र नुसतं गरम पाणी ओतलं. सरस नाही तर रंग नुसता बसेल, धरणार नाही, एवढं त्यांना आठ महिन्यांत कळलं होतं. दोन दिवस बादल्यांमागून बादल्या गेल्या. पातेल्यातला सरस त्या अंधार पडल्यावर, कुणी बघायच्या आत, मागच्या खड्ड्यात ओतून यायच्या. मिस्त्रींनी पहिला हात मारला, दुसरा हात मारला, भिंत बगळ्यासारखी पांढरी झाली, पाहुणे आले नि गेले, आणि कुणाचंही काही बोलणं आलं नाही. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ती सुटका वर्षभरच टिकली. मिस्त्रींनी आपल्या सख्ख्या भाच्याला कामावरून काढून टाकलं. तो चांगला कर्ता, बायकोपोरांचा माणूस. त्यानं एका शाळेच्या भिंतीला सरस कमी घातला आणि राहिलेला परस्पर विकला. मिस्त्री ओरडले नाहीत, भांडले नाहीत. तक्रार आली की स्वतः जाऊन भिंतीवरून अंगठा फिरवून बघायचा, ही त्यांची रीत. तसे गेले, अंगठा फिरवला, पांढरा झालेला अंगठा भाच्यासमोर धरला, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. नणंदबाई त्यावरून दोन वर्षं घरात फिरकल्या नाहीत, तरी मिस्त्री बधले नाहीत. तेव्हापासून बाईंनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. उभ्या जन्मात माझ्या भिंतीचं पांढरं कुणाच्या हाताला लागलं नाही, हे एक वाक्य मिस्त्री अभिमानानं बोलायचे. ते ऐकलं की बाई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

आणि आता हा माणूस निघाला होता त्याच भिंतीवर अंगठा फिरवायला.

बाईंनी ठरवलं, त्यांना तिथे जाऊन कळण्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकू. शनिवारी संध्याकाळी चहा देताना तोंड उघडलं, तर मिस्त्री म्हणाले साखर कमी आहे. रात्री अंथरूण घालताना पुन्हा धीर केला, तोवर मिस्त्री घोरायला लागले. अडतीस वर्षं जी गोष्ट पोटात ठेवली ती काय अशी चहासाखरेच्या मधे सांगायची? सकाळी गाडीत सांगू म्हटलं, तर गाडीत सूनबाई. ती चालवत होती आणि वाटभर दवाखान्यातल्या कुणा डॉक्टरची नक्कल करून दाखवत होती. मिस्त्री चक्क हसत होते. बाई मागच्या सीटवर आपल्या पर्सचा बंद उघडत होत्या आणि लावत होत्या.

भ्यायचं एवढं काय होतं? या वयात नवरा काही घराबाहेर काढणार नव्हता. पण मिस्त्रींचा स्वभाव बाईंना ठाऊक होता. ते काहीच बोलणार नव्हते. भाच्याशीही पुढे लग्नाकार्यात ते बोलायचे, ये बस म्हणायचे, पण त्याच्या हातात पुन्हा कधी कुंचा दिला नाही. तसंच आपल्याशी वागतील, गोड बोलतील आणि मनातून उठवून टाकतील, ही भीती होती. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे या माणसाचा विश्वास. तो गेला तर मग उरलं काय?

विहार होता तिथेच होता. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिवणकामाचं. मधे चार पायऱ्या आणि एक बुटकं दार. बाहेरून कुणी बघितलं तर आत काही बघण्यासारखं असेल असं वाटू नये. पायऱ्यांवर चपला काढल्या. अंगणात एक म्हातारे भन्ते झाडाला पाणी घालत होते, त्यांनी मान हलवून आत जा अशी खूण केली.

आत सात-आठ माणसं आधीच आली होती. त्यांना चित्रं समजावून सांगत होती एक तिशीची मुलगी. अंगावर रंगाचे डाग पडलेला पांढरा कोट, केस फडक्यानं बांधलेले. चार वर्षं भिंतीवरचा पांढरा रंग उतरवणाऱ्यांतलीच ती एक होती, आणि आता रविवारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना भिंत दाखवायची. बोलायला मोठी गोड आणि चटपटीत.

मिस्त्री दारातच थांबले. बाईंनीही वर बघितलं आणि क्षणभर त्या सगळी काळजी विसरल्या. भिंत भरून माणसं होती. तांबड्या मातीचे, पिवळ्या मातीचे, हिरवट, निळसर रंग. काजळीसुद्धा उतरली होती. हत्तीच्या कानाच्या शिरा दिसत होत्या. बुद्धांच्या उचललेल्या हाताची बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. बाईंना वाटलं, हे मी केलं. आणि असं वाटल्याची त्यांना लाज वाटली नाही, खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग त्यांनी दाराशेजारच्या कोपऱ्याकडे नजर नेली. तिथे काही नव्हतं.

म्हणजे भिंत होती. पण जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत, दारापासून दोन हात लांबीचा नुसता मातकट गिलावा होता. त्याच्या कडेला एक पाऊल उरलं होतं आणि वस्त्राचा बोटभर काठ. बाकी सगळी गेलेली. घडा नाही, मान नाही, अर्धं उघडं तोंड नाही.

"हा कोपरा मात्र आम्हाला वाचवता आला नाही," ती कोटवाली मुलगी तिकडे बोट करून सगळ्यांना सांगत होती. बाकी भिंतीवरचा रंग मऊ कुंचल्यानं झाडला तरी निघत होता, पण इथे तो घट्ट बसला होता, काढायला गेलं की चित्राची सालच त्याच्याबरोबर निघून यायची. खालच्या पट्टीत आणखीही दोन-तीन ठिकाणी असं झालं, पण थोडं. इथे काय चित्र होतं ते आता कुणालाच माहीत नाही, आणि आपल्या मनानं काही भरायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून जागा रिकामी ठेवली.

बाईंना माहीत होतं तिथे काय होतं. जगात फक्त त्यांनाच माहीत होतं. ओल धरली असेल, दाराशी पाऊस येतो, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मुलगी पुढे बोलत होती. आता ती तिच्या आवडत्या गोष्टीवर आली होती, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. आमचा सगळ्यात मोठा उपकारकर्ता म्हणजे तो रंगारी, म्हणाली. एक नंबरचा आळशी असणार. सरस शिजवायचा कंटाळा, नाहीतर घरी नेऊन विकला असेल. त्यानं चोख काम केलं असतं तर आज आपण पांढऱ्या भिंतीसमोर उभे असतो. कामचुकार माणसांचेही उपकार असतात बरं का. लोक हसले. सूनबाई सगळ्यात मोठ्यानं हसली.

मिस्त्री हसले नाहीत. ते हात मागे बांधून, मान खाली घालून उभे होते. घरी नेऊन विकला असेल, हे त्यांच्याबद्दल, ज्यांनी त्याच गुन्ह्यासाठी सख्ख्या भाच्याला काढलं होतं. बाईंना वाटलं, आता हे बोलतील, मी तसा नव्हे म्हणतील. पण मिस्त्री ऐकून घेत होते, आणि त्या खाली घातलेल्या मानेकडे बघून बाईंचा जीव कासावीस झाला. आपण आपल्यासाठी भीत बसलो, आणि नाव मात्र यांचं जातंय. दर रविवारी जातंय, आणि पेपरात छापून आलंय.

"रंगारी कामचुकार नव्हता," बाई म्हणाल्या.

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळले.

"हे रंगारी. माझे मालक. यांच्या कामात कुणी कधी खोट काढली नाही. सरस मी शिजवत होते. मी तो बादलीत घातला नाही. मला चित्रं झाकवेनात, म्हणून नाही घातला. यांना यातलं काही माहीत नव्हतं. सांगायचं तर हे सांगत जा लोकांना."

सूनबाईनं आ वासला. चार वर्षं ती कोटवाली मुलगी ज्या माणसाच्या गोष्टी सांगत होती तो तिच्यासमोर पॅन्टशर्ट घालून उभा होता. ती पुढे आली, तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, आणि माफी मागायला लागली. मग तिच्यातली जाणकार जागी झाली.

"पण काकू, अजिबात नव्हता घातला?" तिनं विचारलं. "आम्ही रंग तपासून घेतला होता. त्यात सरस सापडला. थोडा, पण सगळीकडे."

"एक थेंबसुद्धा नव्हता," बाई म्हणाल्या. "मी सांगतेय ना. माझ्या हातानं नुसतं पाणी ओतलंय."

आणि मग दोघीही मिस्त्रींकडे बघायला लागल्या.

मिस्त्री खाकरले. इकडे तिकडे बघितलं. "जरा बाहेर बसू," म्हणाले आणि बाहेर पडले.

बाई मागोमाग गेल्या. सूनबाई शहाणी, ती त्या मुलीला प्रश्न विचारत आतच थांबली. अंगणात झाडाखाली एक दगडी बाक होता. भन्ते पाण्याची झारी घेऊन पलीकडे गेले होते. दोघं बसली. मिस्त्रींनी एकदा आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"सरसाला वास येतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. घाणेरडा वास येतो. तुझ्या हाताला, केसांना, पदराला तेव्हा चोवीस तास तो वास असायचा. म्हणून बादलीत तो नाही हे तुला कळलं नाही. मी बादली वर ओढून घेतली आणि नुसत्या ओल्या खडूचा वास. माझं नाक काय गहाण पडलं होतं?"

इतका साधा विचार बाईंना इतक्या वर्षांत सुचू नये? सरस शिजवणाऱ्या बाईनं सरसाचा वास विसरावा? त्यांना हसावं की रडावं कळेना. आधी राग आला.

"अडतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं मी मूग गिळून बसले. जीव मुठीत धरून बसले. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. पहिली दोन वर्षं. मग मुलगा झाला, घर बांधलं. राहून गेलं."

मग मिस्त्री बोलले, आणि बाईंनी त्यांना इतकं सलग बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. रंग द्यायच्या आदल्या संध्याकाळी बाईंना गप्प केलं खरं, पण नंतर ते स्वतः ठेकेदाराकडे गेले होते. चित्रं आहेत हो, नका झाकू, म्हणाले होते. ठेकेदारानं विचारलं, तुला रंग मारायला आणलंय का मत द्यायला? मान खाली घालून परत आले. बायकोला सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बादलीला वास येईना तेव्हा ते परांचीवर बराच वेळ नुसते उभे राहिले. म्हटलं, आपल्याला जमलं नाही ते हिनं केलं. पण एक पंचाईत होती. नुसता खडू भिंतीवर टिकत नाही. पाहुणे यायच्या आधीच झडायला लागला असता, आणि ठेकेदारानं दुसऱ्या कुणाला आणून पक्का चुना थापून घेतला असता. मग चित्रं कायमची गेली असती.

"म्हणून तू पाण्याला गेलीस की मी खाली उतरायचो. तुझ्या पातेल्यातला वाटीभर सरस बादलीत घालायचो. लागायचा पाच वाट्या. एका वाटीत रंग भिंतीवर राहील, पण चित्राला धरणार नाही, असा अंदाज होता. नुसता अंदाज. शिकवणार कोण? असं उलटं काम आधी कुणी केलेलं थोडंच होतं."

"आणि भाचा?" बाईंनी विचारलं. हा काटा काढल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. "त्याला काढलात. मला का नाही?"

"त्यानं स्वतःसाठी केलं होतं," मिस्त्री म्हणाले. त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अडतीस वर्षं ज्या विश्वासाची आपण चोरी करतोय म्हणून त्या झुरत होत्या, तो सगळा वेळ तिथेच होता. उलट त्यांना कळत नव्हतं एवढा होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली. इतकं हलकं त्यांना लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच वाटत होतं.

पण मिस्त्रींचा चेहरा काही सुटला नव्हता.

"मला एकच घोर होता," ते म्हणाले. "माप बरोबर पडलं का नाही. बातमी वाचली तेव्हा वाटलं, पडलं. म्हणून बघायला आलो. पण तो कोपरा." ते थांबले. "खालच्या पट्टीला मी जास्त घातला. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे लागतात. दाराशी तर सगळ्यात जास्त. कुणाच्या कपड्याला पांढरं लागलं असतं तर त्याच दिवशी बोंब झाली असती. म्हणून शेवटच्या बादलीत पुऱ्या पाच वाट्या ओतल्या आणि दाराजवळचा भाग मारला. तो कोपरा माझ्या हातानं गेला."

बाईंनी दाराकडे बघितलं. ओल नव्हती तर. पाऊसही नव्हता.

"तू जेवताना भिंतीवर एकीकडे बघत बसायचीस," मिस्त्री म्हणाले. "वरून मला दिसायचं. ओठ हलायचे तुझे. कुणाशी तरी बोलायचीस. पण कुणाकडे बघतेस ते परांचीवरून कळायचं नाही. त्या चित्रासाठीच केलंस ना तू हे सगळं?" त्यांनी पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघितलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा इतका घाबरलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता. "ते त्या कोपऱ्यातलं नव्हतं ना गं?"

मघाशी चापट मारतानाच बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आता या माणसापासून काही म्हणजे काही लपवायचं नाही.

"छे," बाई म्हणाल्या. "ती वर आहे. आहे तशी आहे. चला, दाखवते."

त्या उठल्या आणि पुढे झाल्या. आत माणसं पांगली होती. भिंतीसमोर उभं राहून बाईंनी भरभर नजर फिरवली. एवढ्या गर्दीत एक बाई मिळायला हवी होती, धडधाकट, तोंड शाबूत असलेली. तिसऱ्या रांगेत, झाडाखाली, कडेवर मूल घेतलेली एक उभी होती. बाईंनी तिला आयुष्यात कधी नीट बघितलं नव्हतं.

"ही बघा," त्यांनी बोट केलं. "सगळे पुढे बघतात, आणि ही एकटी मान वळवून मागच्या कुणाला तरी बोलावतेय. मला वाटायचं, मलाच म्हणतेय, चल ना. गावात माझं कुणी नव्हतं तेव्हा." हे सांगताना त्यांचा आवाज कापला, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो या बाईबद्दलचा नव्हता.

मिस्त्री मान वर करून बघत राहिले. झाडाखालची बाई सरळ बुद्धांकडे बघत होती, इतर सगळ्यांसारखीच. तिची मान कुठे म्हणून कुठे वळलेली नव्हती. भिंती बघण्यात ज्याचा जन्म गेला त्याला ते दिसणार नाही, हे शक्यच नव्हतं. बाईंच्या आत्ता लक्षात आलं की आपण पुन्हा एकदा बिनवासाची बादली या माणसाच्या हातात दिली आहे.

एकदा मिस्त्रींची नजर खाली, दाराजवळच्या रिकाम्या गिलाव्यापर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. मग त्यांनी मान डोलावली.

"हो," ते म्हणाले, "वळलीय खरी."